पासपोर्ट ब्रह्मपुरीत, लहान आजी आरमोरीत

पोरी, परवा फोनवर तू विचारलंस, "आबाजी, जायच्या तोंडावर कागद अडला तर कसं करायचं?" आणि मी घसा खाकरून सुरुवात करेपर्यंत तुझी बस आली. म्हणून हे लिहून पाठवतो. डाकखात्यात छत्तीस वर्षं काढली. लोकांचे कागद या हातातून त्या हातात देण्यात जन्म गेला. स्वतः देशाबाहेर एकदाच गेलो, लुंबिनीला, तेही बसनं. तरी आरमोरीतून कोणी परदेशी निघालं की आदल्या आठवड्यात ते आपल्या ओसरीवर येतंच. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत जन्मभराचे कागद, आणि तोंडी एकच वाक्य, "आता कसं करावं जी?"

मी त्यांना आधी पाणी देतो आणि एवढंच विचारतो, कागद आत्ता कोणाच्या हातात आहे?

डाकेत शिकलेली एवढीच विद्या माझ्याजवळ आहे. पत्र कधी हवेत नसतं. थैलीत असतं, खिडकीमागं असतं, सायकलच्या पिशवीत असतं, नाहीतर चुकीच्या घरच्या कोनाड्यात असतं. कागद अडला की माणूस सगळ्यांकडं धावतो, पुढाऱ्याच्या माणसाकडं, मेव्हण्याच्या साडूकडं, मुंबईतल्या कोण्या ओळखीच्याकडं. ज्याच्या हातात कागद आहे त्याच्याकडं मात्र सगळ्यात शेवटी जातो. तोवर दोन दिवस गेलेले असतात, आणि ऐनवेळी दोन दिवस म्हणजे सगळंच.

लहान आजीची गोष्ट तुला अर्धीच ठाऊक आहे. तू तेव्हा पुण्यात परीक्षेत होतीस. तुझ्या दुबईच्या आत्याचं बाळंतपण ऑगस्टात, म्हणून लहान आजीचं नागपूरहून शारजाचं तिकीट काढून ठेवलेलं. मुगाचे लाडू झाले, बाळंतविडा झाला, कोशाची साडी झाली. जावयानं तिकडून व्हिसाचा अर्ज टाकला आणि मंगळवारी दुपारी त्याचा फोन आला. मामींचा पासपोर्ट संपायला पाचच महिने उरलेत, आणि इथं सहा लागतात. तिकीट पुढच्या शुक्रवारचं. हातात दहा दिवस.

लहान आजी म्हणाली, "पाच महिने तं हाये ना! मी का तिथं राहाले चालली काय?" तिचं बरोबरच होतं, पण पासपोर्टावरची शेवटची तारीख ही आपली तारीख. तिकडच्या सरकारची तारीख त्याच्या सहा महिने आधीच येते. दुबई, सिंगापूर, इंडोनेशिया, सगळे सहा महिने मागतात. युरोपातले शेंगेनवाले देश परतायच्या दिवसापुढं तीन महिने मागतात, आणि पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला हवा म्हणतात. म्हणून दहा वर्षांच्या पासपोर्टाला साडेनऊच वर्षांचा समजायचं. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून नवा मागता येतो, हे आपल्याकडं बहुतेकांना माहीत नसतं. लहान मुलांचा तर पाचच वर्षांचा असतो. आईबापाचे ठणठणीत, आणि लेकराचा संपलेला, असं अर्धं घर विमानतळावरून परत आलेलं मी पाहिलंय.

तर मंगळवार. घरात रडारड सुरू झाली. तुझा काका म्हणाला तिकीट रद्द करतो, जावई म्हणाला इकडं कोणाला विचारतो. मी म्हटलं, थांबा, कागद कोणाच्या हातात आहे? जुना पासपोर्ट आपल्याच हातात आहे, नवा देणारं कार्यालय नागपूरला आहे, व्हिसा देणारं दुबईला. दुबईवाल्याकडं आत्ता जाऊन उपयोग नाही, कारण व्हिसा पासपोर्टाच्या क्रमांकावर निघतो आणि नव्या पासपोर्टाचा क्रमांक नवा असतो. आधी नागपूर, मग दुबई. हा क्रम ज्याला कळला त्याचा निम्मा ताप गेला. काही लोक उलटं करतात, जुन्या क्रमांकावर घाईनं व्हिसा काढून बसतात आणि मग नवा पासपोर्ट हाती आल्यावर तोच खर्च पुन्हा करतात.

त्या रात्री तुझ्या काकानं तत्काळचा अर्ज भरला. छत्तीस पानी पासपोर्टाचे १,५०० रुपये अर्जाबरोबर ऑनलाइन जातात, तत्काळचे वरचे २,००० तिथं पासपोर्ट केंद्रात भरायचे. वेळ मिळेना. तो चिडून मोबाइल ठेवायला निघाला तर मी म्हटलं, तासाभरानं पुन्हा बघ, लोक वेळा सोडत असतात. अकरा वाजता गुरुवारची मिळाली.

इथं एक मोठी चूक होता होता राहिली. लहान आजीच्या पासपोर्टावर तिचं नाव नुसतं आहे आणि बँकेच्या पुस्तकात त्याला 'बाई' जोडलेलं. आपल्या झाडीपट्टीत हे घरोघरी आहे. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, मतदार यादीत त्याला बाई, रेशनकार्डात 'जी' नाहीतर 'राव'. आणि इंग्रजीत लिहायची वेळ आली की मेश्राममध्ये कोणी 'एच' घालतो, कोणी नाही. कुमरेला कोणी शेवटी 'ई' लावतो, कोणी 'वाय'. काका म्हणाला, आता नवा काढतोच आहे तर नावही नीट करून घेऊ. मी त्याचा हात धरला. घाईच्या दिवशी सुधारणा करायची नसते. जुन्यात जे आहे तेच जसंच्या तसं नव्यात मागायचं. काही बदललं की ते पुन्हा तपासणं आलं, आणि तपासायला वेळ लागणारच, त्यात कोणाचा दोष नाही. नाव नीट करायचं काम दिवाळीनंतर, सवडीनं. त्या दिवशी एकच बघायचं, की सोबत न्यायचे आधार, पॅन आणि मतदार कार्ड जुन्या पासपोर्टाशी जुळतात का. तिन्ही जुळत होते. बँकेचं पुस्तक घरीच ठेवलं.

गुरुवारी पहाटे चारला निघालो. आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड. पावसात चार तास धरायचे, रस्ता खराब असला तर पाच. केंद्रात तीन खिडक्या असतात. अ वर फोटो, बोटांचे ठसे आणि कागदांची छायाचित्रं, ब वर तपासणी, क वर मंजुरी. फोटो तिथंच काढतात, म्हणून बाजारातून पन्नास रुपयांचे फोटो नेऊ नयेत. अ खिडकीवर लहान आजीच्या बोटांचे ठसे उमटेनात! आठवडाभर धानाच्या बांधीत रोवणी केलेली, चिखलपाण्यानं बोटांची टोकं फुगून गुळगुळीत झालेली. तिथल्या पोरीनं समजूतदारपणे दोनदा पुसायला लावलं, थोडं थांबवलं, चौथ्या वेळेला उमटले. तेव्हापासून मी गावात सांगतो, ठशाचं काम असेल तर चार दिवस आधी बांधीत उतरू नका, भांडी कोणाला तरी दुसऱ्याला घासू द्या, रात्री हाताला खोबरेल लावा आणि सकाळी साबणानं धुऊन जा.

ब खिडकीवर तिला विचारलं, कशासाठी जाता? लहान आजी म्हणाली, "पोरीचं बाळंतपण हाये जी." बस. मी आधी बजावून ठेवलं होतं की विचारलेलं तेवढंच सांगायचं. काही लोक त्या खिडकीवर सबंध घराण्याचा इतिहास सांगतात आणि त्यात स्वतःच अडकतात.

कागद पुरे असले आणि पोलीस पडताळणी आधी लागणार नसेल, तर तत्काळचा पासपोर्ट तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत निघतो. कामाच्या दिवसापर्यंत, हे ऐक. शनिवार-रविवार त्यात नाहीत. आपला सोमवारी निघाला. मोबाइलवर स्पीड पोस्टाचा क्रमांक आला आणि लहान आजीनं देवापुढं साखर ठेवली. मी तिला म्हटलं, अजून कागद आपल्या हातात नाही.

पासपोर्ट स्पीड पोस्टानंच येतो, ज्याचा त्याच्याच हातात, ओळखपत्र बघून. घराला कुलूप असलं आणि माणूस भेटलाच नाही तर तो नागपूरला परत जातो, आणि मग तो तिथून सोडवायला पुन्हा हेलपाटा. म्हणून अर्जात पत्ता असा द्यायचा जिथं माणूस खरंच राहतो. आपला पिन ४४१२०८, वडशाचा ४४१२०७, ब्रह्मपुरीचा ४४१२०६. एका आकड्यानं थैली नदीच्या पलीकडं जाते. पिन १९७२ साली आला, तेव्हा जुने डाकिये हसायचे की गावाला कधी नंबर असतो का. त्याच नंबरानं पुढं त्यांची निम्मी पायपीट वाचवली. असो. क्रमांक आला की डाकघरात जाऊन पोस्टमनला सांगून यायचं की अमुक नावाचं पाकीट येतंय, हा माझा मोबाइल. यात ओळख लावल्यासारखं काही नाही. तो माणूस दिवसाला शंभर घरं करतो, त्याला आधी कळलं तर तो बरोबर वेळेला येतो.

मंगळवारी रात्री पाऊस कोसळला. तिकडं भंडाऱ्याकडं दोन दिवस धो धो चाललेलाच होता. गोसीखुर्दला तेहतीस दरवाजे आहेत. ते उघडले की आपल्या वैनगंगेला काय होतं हे तुला मी सांगायला नको, तू २०२० चा पूर पाहिलायस. बुधवारी सकाळी ब्रह्मपुरीचा रस्ता बंद. डाकेची गाडी पलीकडं थांबलेली. मोबाइलवर दिसत होतं की पाकीट निघालंय, आणि ते निघालं होतंच. फक्त पासपोर्ट ब्रह्मपुरीत, लहान आजी आरमोरीत, आणि मधे पिवळं पाणी.

नकाशा काढून काका तासभर बसला. गडचिरोलीकडून मूल मार्गे, वडशाकडून, साकोलीकडून. कुठूनही जा, वैनगंगा कुठं ना कुठं ओलांडावीच लागते, आणि त्या दिवशी ती कोणालाच ओलांडू देत नव्हती. आणि समजा गाठलीच ब्रह्मपुरी, तर बंद थैली कोण फोडून देणार? मीच नोकरीत असतो तर दिली नसती.

तेव्हा मी सांगितलं, तिकिटाची तारीख ढकला. घरात पहिल्यांदा सगळे माझ्यावर चिडले. फरकाचे पैसे बरेच होत होते. पण विचार कर, पाणी गुरुवारी उतरलं असतं तरी व्हिसा शुक्रवारी निघाला नसता. विमान सुटून गेल्यावर तिकिटाची किंमत जवळजवळ शून्य होते, सुटायच्या आधी ती काहीतरी असते. ढकलायचं तर लवकर ढकलायचं. आशेवर बसणारा माणूस शेवटच्या तासाला तेच करतो आणि दुप्पट पैसे देतो. तिकीट पुढच्या बुधवारवर नेलं.

गुरुवारी रात्री बाळ झालं. नातवानं आजीच्या पासपोर्टाची वाट पाहिली नाही. लहान आजी व्हिडिओवर बाळाला बघत एकीकडं हसत होती आणि दुसरीकडं नदीला शिव्या देत होती, अशा शिव्या की तुझा काका उठून बाहेर गेला.

शनिवारी रस्ता सुटला. आता ऐक, इतकं सगळं होऊन त्या दिवशी लहान आजी घरी नव्हती! पाणी उतरलं म्हणून बांधी बघायला गेली होती. पोस्टमन, माझ्याच हाताखाली शिकलेला, कुलूप बघून माझ्याकडं आला. पाकीट त्याच्या हातात, मला दिसतंय. मी हात पुढं केला. त्यानं खाली मान घालून सांगितलं, "सर, तुम्हाले नाही देता येत." मला राग आला आणि लगेच बरं वाटलं. शेजारच्या पोराला मोटारसायकलवर पाठवलं, लहान आजी चिखलाच्या पायानं आली, ओळखपत्र दाखवलं, सही केली. पाच मिनिटांत पहिल्या पानाचा आणि शेवटच्या पानाचा फोटो दुबईला गेला. सोमवारी व्हिसा आला, मंगळवारीच आम्ही तिला नागपूरला नातेवाइकांकडं नेऊन ठेवलं. पावसाळ्यात विमान नागपूरहून असेल तर आदल्या दिवशी नदी ओलांडून ठेवायची, हा तर आरमोरीचा कायदाच समज.

आता तुझ्या कामाचं. तुला राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळाली, याचा मला किती आनंद आहे हे मी लिहीत नाही. पण ब्रिटनला जाताना पासपोर्टात शिक्क्याचं पान नसतं. आता तिकडं विद्यार्थ्यांना बहुतेक ई-व्हिसाच देतात, तो त्यांच्या खात्यात असतो आणि खातं पासपोर्टाच्या क्रमांकाला बांधलेलं. मधेच पासपोर्ट बदललास तर तिथं नवा क्रमांक टाकायचा, नाहीतर विमानकंपनीच्या खिडकीवर तुझा व्हिसा दिसणारच नाही. सहा महिन्यांहून जास्त राहायचं म्हणून क्षयरोगाचं प्रमाणपत्र लागतं, तेही त्यांनी ठरवलेल्या दवाखान्याचंच, आणि ते सहा महिनेच चालतं. आपल्या ओळखीच्या डॉक्टरांनी छाती तपासून कितीही चांगलं लिहून दिलं तरी ते चालत नाही. शिष्यवृत्तीचं पत्र मराठीत असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेव. मराठी वाचणारा माणूस तिकडं खिडकीवर बसलेला नसतो.

अर्जात जिल्हा लिहिताना जपून. तुझा जन्म गडचिरोलीचा, पण तुझ्या बापाचा दाखला चंद्रपूर जिल्हा म्हणतो आणि माझा तर चांदा म्हणतो. गाव एकच, अंगणही एकच. गडचिरोली जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला, म्हणून त्याआधी जन्मलेल्यांच्या कागदांत हा घोळ आहे आणि खिडकीवरचा माणूस कधी कधी त्यावर भुवया उंचावतो. आईबापाची माहिती लिहिताना त्यांच्या पासपोर्टात जे आहे तेच लिही. तुझ्या पदवीवर गोंडवाना विद्यापीठ आणि बापाच्या पदवीवर नागपूर विद्यापीठ, हेही २०११ चं वेगळेपण आहे. कोणी विचारलं तर शांतपणे सांगायचं.

तिकिटावरचं नाव पासपोर्टाच्या खालच्या दोन ओळींशी ताडून बघ. त्या बाणांनी भरलेल्या ओळी असतात ना, मशीन त्याच वाचतं. तिथं आडनाव आधी येतं. विमानकंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून तिकीट काढलं असेल आणि २४ तासांच्या आत चूक दाखवली तर नावाची दुरुस्ती फुकट करून द्यावी लागते, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. म्हणून तिकीट निघालं की जेवायच्या आधी वाचायचं. दुसऱ्या दिवशी वाचायची सवय महाग पडते. आणि ज्यांच्या पासपोर्टात आडनावाची जागा रिकामी आहे, नुसतं एकच नाव छापलंय, त्यांनी दुबईकडं निघण्याआधी ती भरून घ्यावी. नोव्हेंबर २०२२ पासून ते लोक एकेरी नावावर अडवतात. आपल्या जुन्या बायांच्या पासपोर्टांत हे फार आहे.

वाचनालयाजवळच्या दुकानात कोणी मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र करून घ्या म्हणेल. पासपोर्टाची जोडपत्रं डिसेंबर २०१६ पासून साध्या कागदावर, आपल्याच सहीनं चालतात. नोटरीही लागत नाही. त्याच वेळी लग्नाच्या दाखल्याची सक्तीही गेली. तरी दुकानात मुद्रांक विकले जातातच, कारण घाबरलेल्या माणसाला कागद जितका जाड तितका भरवसा वाटतो. इंटरनेटवर तर हुबेहूब सरकारी दिसणारी दुकानं आहेत. पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन नसेल तर तिथं पैसे टाकायचे नाहीत. अडलं तर १८००-२५८-१८०० हा फुकटचा क्रमांक आहे, तो लोकांना कळावा म्हणून पूर्वी मी डाकघराच्या फळ्यावर लिहून ठेवला होता. नंतर कोणीतरी पुसून त्यावर सुट्टीची यादी लावली.

लुंबिनीचं सांगायचं राहिलं. आपल्या भागातून दरवर्षी बसा भरून लोक बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर करत सोनौलीहून नेपाळात जातात. भारतीयाला तिथं व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र पुरतं. आधार मात्र सगळ्यांना चालत नाही. पंधरा वर्षांखालच्यांना आणि पासष्टच्या वरच्यांना चालतं, मधल्यांना नाही. आमच्या बसमधल्या एका तरुण मास्तरानं मतदार कार्ड घरी विसरून नुसतं आधार आणलेलं. तो विमानानं जाणार असता तर विमानतळावरच राहिला असता. आम्ही रस्त्यानं होतो, त्याच्या घरच्यांनी कार्डाचा फोटो पाठवला, चौकीवरच्या माणसानं बराच वेळ विचार केला आणि सोडलं. तो विचार करत असताना त्या मास्तराचा जो चेहरा झाला होता, तसा चेहरा कोणाचा होऊ नये म्हणून मी आता बस सुटायच्या आधी वडशाच्या चौकात सगळ्यांची कार्डं हातात घेऊन मोजतो. लोक हसतात. हसू दे.

ठेवण्याचं. आपल्या मातीच्या घरांत उधई कधी काय खाईल सांगता येत नाही. एका ओळखीच्याच्या पासपोर्टाच्या कडेला उधईनं अशी नक्षी काढली होती की बघणाऱ्याला आधी कौतुक वाटलं. अशा वेळी क्रमांक, नाव आणि फोटो ओळखू येतो का, यावर पुढचं सगळं ठरतं. खराब झालेल्याच्या बदली नव्याला १,५०० ऐवजी ३,००० लागतात. लोखंडी पेटीत, भिंतीला न टेकवता, कोरड्या कापडात ठेवायचा. लॅमिनेशन करायचं नाही, पिन मारायची नाही, पाठीमागं फोन नंबर लिहायचा नाही. आता नवे ई-पासपोर्ट निघालेत, नागपुरात अगदी सुरुवातीलाच सुरू झाले. मुखपृष्ठावर खालच्या बाजूला छोटं सोनेरी चिन्ह दिसलं की आत चिप आहे समजायचं आणि तो वाकवायचा नाही. जुना पासपोर्ट फेकायचा नाही. त्यात चालू व्हिसा असेल तर जुना-नवा दोन्ही सोबत घेऊन जायचे.

आणि जाताना कागद सामानात टाकायचे नाहीत. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परत आले तेव्हा त्यांची पुस्तकं वेगळ्या बोटीनं पाठवलेली होती. पहिलं महायुद्ध चाललं होतं, ती बोट पाणतीरानं बुडाली आणि सगळं गेलं. त्या माणसाचं मन मोठं, त्यांनी पुन्हा जमवलं. तुझ्याजवळ तेवढा वेळ नाही. पासपोर्ट, विद्यापीठाचं पत्र, क्षयरोगाचं प्रमाणपत्र हे सगळं अंगावरच्या पिशवीत. प्रत्येकाचा फोटो काढून एक मला पाठव आणि एक तुझ्या ईमेलात ठेव. तिकडं जाऊन हरवलाच, तर आधी पोलिसांत तक्रार, मग आपल्या दूतावासात. ते परतीच्या एका प्रवासापुरतं आणीबाणीचं प्रमाणपत्र देतात. त्यावर फक्त घरी येता येतं. शिक्षण सोडून यायची वेळ येऊ नये म्हणून हरवायचा नाही.

इथं डाकेत २०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट बंद करून स्पीड पोस्टात मिळवलं. लोक मला येऊन विचारतात, आता लाल शिक्का नाही का? नाही म्हणतो. पण नाव नोंदवून, सही घेऊन, ज्याचं त्यालाच द्यायचं, एवढं राहिलंय.

लहान आजी अजून तिकडंच आहे. आता तिथं दुसरंच सुरू झालंय. बाळ दुबईत जन्मलं, तर त्याची नोंद आपल्या वकिलातीत एक वर्षाच्या आत करायची, त्याचा पासपोर्ट काढायचा, आणि जन्मापासून १२० दिवसांत त्याला तिकडचा राहायचा परवाना घ्यायचा. जावई पुन्हा घाबरलाय. मी त्याला विचारलं, कागद आत्ता कोणाच्या हातात आहे? तो म्हणाला, दवाखान्यातून जन्माचा दाखला मिळायचाय. मग तिथंच जा म्हटलं.

हे लिहीत असतानाच लहान आजीचा फोन आला होता. बाळाचं नाव आर्य ठेवलंय. तिला विचारायचं होतं, इंग्रजीत शेवटी 'ए' एक लावायचा की दोन. मी म्हटलं, जावयाच्या आडनावात पासपोर्टावर किती आहेत ते आधी बघून सांग. ती म्हणाली, "थांबा जी, चष्मा आनतो." गेली ती अजून आली नाही.